परवानगी बदलण्याचा अधिकार कोणाचा?

१९ जुलै २०२४च्या सकाळी भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हातात पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडू लागले. जगभर विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले होते. हा आकडा मायक्रोसॉफ्टनेच नंतर दिला. कारण म्हणाल तर क्षुल्लक. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या प्रोग्रॅमला वीस मूल्यं पुरवली जात होती, नव्याने आलेल्या फाइलने एकविसावं मागितलं. प्रोग्रॅमने यादीच्या पलीकडे हात घातला, तिथे जे सापडलं त्यालाच पत्ता समजला आणि त्या पत्त्यावर वाचायला गेला. त्या पत्त्याच्या पानाची नोंदच नव्हती, म्हणून प्रोसेसरने साफ नकार दिला. असा नकार एखाद्या साध्या प्रोग्रॅमला मिळाला तर तेवढा प्रोग्रॅम बंद पडतो आणि बाकीचं मशीन चालू राहतं. हा प्रोग्रॅम मात्र कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या आत, तिच्याच अधिकाराने चालत होता. त्याच्याबरोबर सगळं मशीन आडवं झालं.

नकार देणाऱ्या यंत्रणेने त्या दिवशी आपलं काम चोख केलं होतं, हे मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही. मेमरीचं कोणतं पान कोणी वाचायचं, कोणी त्यावर लिहायचं आणि कोणत्या पानातला मजकूर सूचना म्हणून चालवायचा, हे ठरवणारी ही व्यवस्था साठ वर्षांची झाली आहे. तिचा इतिहास सहसा बिटांच्या भाषेत सांगितला जातो: अमुक साली हे बिट आलं, तमुक साली ते. त्या इतिहासाच्या पोटात दुसरा, जास्त अवघड प्रश्न दडलेला आहे. परवानगी लिहून ठेवता येते. पण ती बदलायचा अधिकार कोणाकडे, आणि कुठवर? गाजलेल्या हल्ल्यांची यादी काढली तर त्यातले बरेच याच प्रश्नाचं उत्तर ढिलं ठेवल्यामुळे झालेले दिसतात.

आधी यंत्रणा पाहू. मेमरीचा कारभार बाइटनिहाय चालत नाही, पाननिहाय चालतो. इंटेल आणि एएमडीच्या मशीनवर एक पान ४,०९६ बाइटचं असतं, अ‍ॅपलच्या नव्या मॅकवर त्याच्या चौपट. १६ गिगाबाइट मेमरीच्या साध्या लॅपटॉपमध्ये चार किलोबाइटची ४१,९४,३०४ पानं होतात. प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःचे आभासी पत्ते मिळतात, आणि आभासी पत्त्यावरून खऱ्या पानापर्यंत नेणारी नोंदवही म्हणजे पेज टेबल.

सातबारा वाचता येणाऱ्याला हे टेबल परकं वाटू नये. एका ओळीत पानाचा खरा ठावठिकाणा आणि शेजारी हक्कांच्या बारीक खुणा: पान मेमरीत आहे का, त्यावर लिहिता येतं का, ते साध्या प्रोग्रॅमला खुलं आहे की फक्त कर्नलला, त्यातला मजकूर चालवता येतो का. फेरफाराचा अर्ज करायचा तर युनिक्सच्या घराण्यात एमप्रोटेक्ट हा सिस्टीम कॉल आहे, विंडोजमध्ये व्हर्च्युअलप्रोटेक्ट. अर्ज कर्नलकडे जातो आणि कर्नल नोंद बदलतो. पण प्रत्येक वेळी नोंदवही उघडणं परवडत नाही, म्हणून प्रोसेसरचा प्रत्येक कोअर अलीकडे लागलेल्या नोंदींची नक्कल टीएलबी नावाच्या छोट्या कप्प्यात स्वतःजवळ ठेवतो. हक्क काढून घेतला तरी शेजारच्या कोअरकडे जुनी नक्कल शिल्लक असते. कर्नलला मग त्या कोअरांना हातातलं काम थांबवून नक्कल टाकून द्यायला लावावं लागतं. परवानगी बदलणं महाग पडतं ते या धावपळीमुळे, आणि महाग पडतं म्हणून पळवाटा शोधल्या जातात.

लिनक्सवर ही नोंद उघड वाचता येते. प्रॉक या फोल्डरमध्ये चालू प्रोग्रॅमच्या क्रमांकाखाली मॅप्स नावाची फाइल असते. फाइलचा मजकूर दाखवण्यापलीकडे काही न करणारा कॅट हा चिमुकला प्रोग्रॅम घेतला तरी तो स्वतः तिथे चार-पाच ओळींत विभागलेला दिसतो. पहिल्या ओळीत फक्त आर, म्हणजे वाचा. दुसऱ्या ओळीत आर आणि एक्स: प्रोग्रॅमच्या सूचना इथे, वाचा आणि चालवा, पण लिहू नका. तिसरी ओळ पुन्हा नुसती वाचायची. अक्षरमाला आणि स्थिर आकडे तिथे. शेवटच्या ओळीत आर आणि डब्ल्यू: बदलणारा डेटा, वाचा आणि लिहा, पण चालवू नका. त्यांच्या मधली चौथी ओळ सर्वांत मजेदार. वरकरणी तीही फक्त वाचायची. पण हे पान जन्माला आलं तेव्हा लिहिता येण्याजोगं होतं. प्रोग्रॅम सुरू होताना लोडरने त्यात बाहेरच्या लायब्ररीतल्या फंक्शनांचे पत्ते भरले आणि काम उरकताच लिहिण्याचा हक्क स्वतःहून सोडला. हल्लेखोराला हे पत्ते बदलून प्रोग्रॅमला भलतीकडे नेता येऊ नये, हा उद्देश. पुढे उतारा वाढत जातो: हीप, सी लायब्ररी, स्टॅक. डब्ल्यू आणि एक्स ही दोन अक्षरं एकाही ओळीत शेजारी नसावीत, ही आजची अपेक्षा आहे. या अपेक्षेपर्यंत पोचायला फार वेळ लागला.

पानांची कल्पना मँचेस्टरची. तिथल्या विद्यापीठात ७ डिसेंबर १९६२ रोजी अ‍ॅटलास हा संगणक अधिकृतपणे सुरू झाला. महागडी चुंबकी मेमरी आणि स्वस्त पण संथ ड्रम मिळून एकच मोठी मेमरी असल्याचा भास प्रोग्रॅमरला व्हावा, हा टॉम किलबर्न यांच्या गटाचा मुख्य हेतू होता. पान होतं ५१२ शब्दांचं, आणि प्रत्येक पानाच्या रजिस्टरात लॉक-आउट नावाचं एक बिट होतं. पान ड्रमवरून येत-जात असताना त्याला कोणी हात लावू नये म्हणून. परवानगीचं हे अगदी सुरुवातीचं रूप. एप्रिल १९६४मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टीम ३६०मध्ये पानं नव्हती, पण मेमरीच्या दर २,०४८ बाइटच्या तुकड्याला चार बिटांची चावी लावता येई. चालू प्रोग्रॅमची चावी तुकड्याच्या चावीशी जुळली तरच लिहिता येई, आणि शून्य क्रमांकाची चावी कुठेही चाले. एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्या मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमने वाचणं, लिहिणं, चालवणं हे तीन हक्क वेगवेगळे मांडले. म्हणजे साठचं दशक संपण्याआधी कल्पनांचा साठा जवळजवळ पूर्ण झाला होता.

तरीही असं संरक्षण प्रत्येक यंत्रात हवंच, असं कोणी धरून चालत नव्हतं. पुण्याच्या सी-डॅकने १९९१मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला तो इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपांवर, आणि त्या चिपांमध्ये पानांचं संरक्षण करणारा विभागच नव्हता. एका नोडवर एकाचंच गणित चालायचं असेल तर शेजाऱ्याची भीती कमीच. व्हॅक्स मशीनवरच्या बर्कली युनिक्सची तऱ्हा आणखी निराळी. तिथे शून्य पत्त्याचं पान वाचता येई आणि वाचलं तर शून्यच मिळे. रिकामा पॉइंटर वाचणारे सदोष प्रोग्रॅम त्यामुळे बिनबोभाट चालत. तेच प्रोग्रॅम सन कंपनीच्या मशीनवर नेले की पहिल्या फटक्यात कोसळत. आज जवळपास सगळ्या सिस्टीम शून्याचं पान मुद्दाम बंद ठेवतात.

सर्वांत लांबलेली चूक इंटेलच्या घरची. त्यात गंमत अशी की हवा तो हक्क इंटेलकडे आधीपासून होता. १९८२च्या ८०२८६मध्ये मेमरी सेगमेंटांत वाटलेली असे, आणि कोडच्या सेगमेंटवर लिहिता येत नसे, डेटाचा सेगमेंट चालवता येत नसे. आज ज्याची मिजास मिरवली जाते ती विभागणी तिथे मुळातच होती. १९८५मध्ये ८०३८६ पानं घेऊन आला. पानाची नोंद ३२ बिटांची. त्यातले वीस पत्त्याला गेले, बारा उरले. लिहिण्याच्या हक्काला एक बिट मिळालं, कर्नल आणि साधा प्रोग्रॅम यांच्यातल्या भेदाला एक, आणि तीन बिट तर ऑपरेटिंग सिस्टीमला हवे तसे वापरायला मोकळे सोडले होते. हे पान चालवू नका, असं सांगणारं बिट मात्र नव्हतं. ती काळजी सेगमेंट घेतील, अशी मांडणी होती. प्रत्यक्षात काय झालं? युनिक्स काय किंवा विंडोज एनटी काय, सगळ्यांनी सेगमेंटचा जाच टाळला. कोडचा आणि डेटाचा सेगमेंट दोन्ही शून्यापासून चार गिगाबाइटपर्यंत एकमेकांवर अंथरले. वाचता येणारं प्रत्येक पान आपोआप चालवताही येऊ लागलं.

ही उणीव एकट्या इंटेलची नव्हती. व्हॅक्सच्या पानांनाही चालवण्याचा वेगळा हक्क नव्हता. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेल्या वर्मने हेच हेरलं. फिंगर सेवेच्या प्रोग्रॅममध्ये येणाऱ्या विनंतीसाठी ५१२ बाइटची जागा होती. वर्म ५३६ बाइट पाठवी. जास्तीचे बाइट स्टॅकवर, म्हणजे फंक्शनांच्या तात्पुरत्या मेमरीत, पुढे सांडत, फंक्शनने परत कुठे जायचं तो पत्ता बदलत आणि प्रोसेसरला त्याच स्टॅकवर ठेवलेल्या सूचनांकडे वळवत. डेटा म्हणून आलेला मजकूर कोड म्हणून चालू लागे. या धक्क्यानंतर काही बदलायला हवं होतं. चौदा वर्षांनी, २५ जानेवारी २००३ रोजी, ३७६ बाइटच्या स्लॅमर वर्मने मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर अगदी तीच युक्ती वापरली. दहा मिनिटांत त्याने जगातल्या दुबळ्या मशीनांपैकी सुमारे नव्वद टक्के गाठली. जुनीच चोरी, जुन्याच दारातून.

दार बंद करण्याची धडपड आधी बाहेरच्यांनी केली. सोलर डिझायनर या नावाने लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरने १९९७मध्ये लिनक्ससाठी स्टॅकवरून काही चालू न देणारा पॅच काढला. २०००मध्ये पॅक्स नावाच्या निनावी प्रकल्पाने तर हार्डवेअरमध्ये नसलेलं बिट युक्तीने निर्माण केलं. पेंटियमपासून इंटेलच्या प्रोसेसरमध्ये सूचनांसाठी एक टीएलबी आणि डेटासाठी दुसरा, असे दोन कप्पे आहेत. पॅक्सने डेटाची पानं फक्त कर्नलला खुली असल्याचं नोंदवून टाकलं, त्यामुळे प्रोग्रॅमने त्यांना हात लावताच नकार येई आणि सूत्रं कर्नलकडे जात. प्रोग्रॅम डेटा वाचायला आला असेल तर कर्नल क्षणभर नोंद खुली करी, स्वतः पानाला स्पर्श करी, म्हणजे डेटाच्या कप्प्यात खुली नक्कल जाऊन बसे, आणि नोंद लगेच पुन्हा बंद. तोच प्रोग्रॅम ते पान चालवायला आला असेल तर त्याचा खेळ तिथेच खलास. मूळ रचनेतल्या एका विसंगतीवर उभी केलेली ही करामत आजही वाचताना दाद घेऊन जाते.

ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमने मे २००३मध्ये हेच धोरण म्हणून जाहीर केलं: एखादं पान एक तर लिहिता येईल किंवा चालवता येईल, दोन्ही नाही. त्याच्या आदल्या महिन्यात एएमडीचा ऑप्टेरॉन बाजारात आला होता. त्याच्या ६४ बिटांच्या नोंदीतलं सर्वांत वरचं बिट या कामी लावलेलं होतं. इंटेलने पुढच्या वर्षी अनुकरण केलं, आणि ऑगस्ट २००४मध्ये विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने सामान्य वापरकर्त्यापर्यंत ते पोचवलं. एका बिटासाठी अठरा वर्षं गेली, आणि त्यातलं तांत्रिक कारण थोडंच होतं. जुने प्रोग्रॅम मोडतील ही भीती त्याहून मोठी होती.

ती भीती खोटीही नव्हती. मायक्रोसॉफ्टच्याच एका जुन्या लायब्ररीतून बनलेले प्रोग्रॅम चालता चालता छोट्या सूचना डेटाच्या पानात लिहून चालवत असत. विंडोजला त्यांचा नमुना ओळखून खास सवलत द्यावी लागली. जीसीसी कंपायलर फंक्शनच्या आत फंक्शन लिहू देतो, आणि त्यासाठी तो स्टॅकवर काही सूचना रचत आला आहे. असेंब्लीत लिहिलेल्या एखाद्या फाइलमध्ये स्टॅक चालवण्याची गरज नाही अशी खूण लिहायची राहिली, तर जोडणी करणारा लिंकर गरज आहे असं धरून चालू शकतो आणि सगळ्या प्रोग्रॅमचा स्टॅक चालवण्याजोगा होतो. एका विसरलेल्या ओळीची एवढी किंमत! मागाहून जोडलेल्या एका लायब्ररीच्या मागणीवरून आख्ख्या प्रोग्रॅमचा स्टॅक असा उघडण्याची सवय लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीने जानेवारी २०२५मध्ये, २.४१ या आवृत्तीत, सोडली.

बिट आलं म्हणून हल्लेखोर घरी बसले नाहीत. नवा कोड आत आणता येत नसेल तर आत असलेलाच वापरावा, हा विचार सोलर डिझायनरनेच १९९७मध्ये मांडून दाखवला होता. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले होवाव शाकम यांनी २००७मध्ये त्याचं पूर्ण शास्त्र केलं. प्रोग्रॅममध्ये आधीच असलेल्या सूचनांचे दोन-दोन तीन-तीनचे तुकडे निवडायचे, प्रत्येकाच्या शेवटी परत जा ही सूचना असेल असे, आणि त्यांचे पत्ते स्टॅकवर ओळीने मांडायचे. इंटेलच्या सूचना कमी-जास्त लांबीच्या असतात, त्यामुळे एखाद्या सूचनेच्या मधोमध उडी मारली तर लिहिणाऱ्याच्या मनातही नसलेली वेगळीच सूचना हाती लागते. यात कोणतीही परवानगी मोडली जात नाही.

आणि ही साखळी बहुतेक वेळा करते काय? सगळा हल्ला तुकड्यांतून रचणं कष्टाचं, म्हणून ती एकच काम उरकते: एमप्रोटेक्ट किंवा व्हर्च्युअलप्रोटेक्ट बोलावते, हल्लेखोराच्या डेटाचं पान चालवण्याजोगं करून घेते आणि तिकडे उडी मारते. अर्ज रीतसर आहे, अर्जदार त्या मेमरीचा मालक आहे, कर्नल शिक्का मारून मोकळा. अठरा वर्षं ज्या बिटाची वाट पाहिली ते पालटायला एक कॉल पुरतो. यावर इंटेलने २०२०च्या टायगर लेक प्रोसेसरमध्ये छाया-स्टॅक आणला: परतीचे पत्ते दुसऱ्या एका स्टॅकवरही ठेवायचे आणि ताडून पाहायचे. त्याच्या पानाला वेगळी परवानगी हवी होती आणि नोंदीत जागा नव्हती, तेव्हा लिहिता येत नाही पण लिहिलं गेलं आहे, अशी एरवी अर्थहीन ठरणारी दोन बिटांची जोडी त्यासाठी वापरली गेली.

ब्राउझरने या नियमाची खरी परीक्षा घेतली. जावास्क्रिप्ट वेगाने चालवायची तर तिचं तिथल्या तिथे यंत्रभाषेत रूपांतर करावं लागतं. म्हणजे पान लिहायचं आणि लगेच चालवायचं. बरीच वर्षं ब्राउझरांनी सोपा मार्ग धरला आणि अशी पानं तिन्ही हक्कांसकट उघडी ठेवली. फायरफॉक्सने २०१६मध्ये, ४६व्या आवृत्तीत, लिहिताना चालवणं बंद आणि चालवताना लिहिणं बंद, अशी शिस्त लावली. मायक्रोसॉफ्टने पुढच्या वर्षी एज ब्राउझरमध्ये रूपांतराचं काम वेगळ्या प्रक्रियेकडे सोपवलं, म्हणजे वेबपान चालवणाऱ्या प्रक्रियेला नवा कोड बनवण्याचा हक्कच उरला नाही. अ‍ॅपलने २०२०च्या एम१ चिपमध्ये आणखी बारीक सोय केली: एकच पान एका थ्रेडला लिहिता येतं, त्याच क्षणी दुसऱ्याला फक्त चालवता येतं, आणि अदलाबदल करायला कर्नलकडे जावं लागत नाही.

याच अ‍ॅपलच्या आयफोनवर घडलेला एक प्रसंग अपवादांची किंमत दाखवतो. आयफोनवर सही नसलेला कोड चालत नाही. मार्च २०११मध्ये आलेल्या आयओएस ४.३मध्ये सफारीला वेगवान जावास्क्रिप्ट हवी होती, म्हणून एकट्या सफारीला सूट देण्यात आली. सूट फक्त सफारीलाच आहे की नाही, हे तपासणाऱ्या कर्नलच्या ओळींत चूक होती. सुरक्षा संशोधक चार्ली मिलर यांना ती सापडली. त्यांनी शेअरबाजाराचे भाव दाखवणारं इन्स्टास्टॉक नावाचं साळसूद अ‍ॅप अ‍ॅपलच्या दुकानात मंजूर करून घेतलं आणि त्याच्या आत बाहेरून आणलेला कोड चालवून दाखवला. नोव्हेंबर २०११मध्ये अ‍ॅपलने चूक दुरुस्त केली आणि मिलर यांना डेव्हलपर कार्यक्रमातून काढून टाकलं. नियम कडक होता, बिट जागेवर होतं. भगदाड पडलं ते सवलत कोणाला द्यायची या तपासणीत.

नकाराचा उपयोग केवळ चोर पकडायला होत नाही, हेही सांगायला हवं. युनिक्समध्ये एक प्रोग्रॅम स्वतःची प्रत काढतो तेव्हा सगळी मेमरी उतरवून घेतली जात नाही. दोघांच्याही नोंदींतून लिहिण्याचा हक्क काढून घेतात आणि पानं सामाईक ठेवतात. जो पहिला लिहायला जाईल त्याला नकार मिळतो, आणि तेव्हा तेवढ्याच पानाची प्रत निघते. रेडिस हा डेटाबेस चालू कारभार न थांबवता डिस्कवर छायाचित्र उतरवतो तो याच्या जोरावर. ब्रूस पेरेन्स यांच्या इलेक्ट्रिक फेन्स या अवजाराने प्रत्येक मेमरी-तुकड्याच्या कडेला एक बंद पान ठेवलं, म्हणजे एक बाइट पलीकडे पाऊल पडलं की प्रोग्रॅम जागच्या जागी पकडला जातो. प्रिन्स्टनचे अँड्र्यू अ‍ॅपेल आणि काय ली यांनी १९९१च्या निबंधात अशा उपयोगांचा आढावा घेऊन, नकार वेगाने मिळणंही तितकंच महत्त्वाचं आहे, असं संगणक बांधणाऱ्यांना बजावलं होतं.

या सोयींतूनही धोके निघालेच. कडेला एकच बंद पान पुरत नाही, हे क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी जून २०१७मध्ये दाखवलं. स्टॅक एका उडीत ते ओलांडून पलीकडच्या मेमरीत उतरू शकत होता. लिनक्सने मोकळी जागा एका पानाऐवजी २५६ पानांची केली. त्याच्या आदल्या वर्षी उघड झालेली डर्टी काऊ ही चूक तर जास्तच बोलकी. केवळ वाचण्याजोग्या फाइलवर लिहायचा प्रयत्न झाला की कर्नल तिची खासगी प्रत काढून देई. पण प्रत काढणं आणि तिच्यावर लिहिणं या दोन पायऱ्यांच्या मधल्या निमिषात दुसऱ्या थ्रेडने ती प्रत टाकून दिली, तर कर्नल पुन्हा शोधायला जाई आणि या खेपेला मूळ पानावरच लिहून बसे. सामान्य वापरकर्ता त्या वाटेने प्रशासकाचे सगळे अधिकार मिळवू शकत होता. ही फट लिनक्समध्ये २००७पासून होती, अँड्रॉइडच्या फोनांतही होती, आणि ऑक्टोबर २०१६मध्ये बुजवली गेली. अकरा वर्षांपूर्वी आपणच ही दुरुस्ती करायला गेलो होतो आणि ती नीट जमली नव्हती, हे लिनस टोरव्हाल्ड्सने दुरुस्तीच्या टिपणात मोकळेपणाने नोंदवलं.

कर्नल आणि साधा प्रोग्रॅम यांच्यातली सीमा सर्वांत भक्कम मानली जाई. ३ जानेवारी २०१८ रोजी मेल्टडाउन जाहीर झालं आणि तो समज गेला. ऑस्ट्रियातल्या ग्राझचं तंत्र विद्यापीठ, गुगलचा प्रोजेक्ट झीरो आणि सायबरस या गटांना स्वतंत्रपणे सापडलेली ही गोष्ट अशी: इंटेलचे प्रोसेसर वेगासाठी पुढच्या सूचना अंदाजाने आधीच चालवून पाहतात, आणि तसं करताना हे पान फक्त कर्नलसाठी आहे हे बिट तेव्हा उशिरा तपासत. नकार येईच, पण तोवर वाचलेल्या मजकुराचा माग कॅशमध्ये राहून जाई आणि वेळ मोजून तो ओळखता येई. त्यावर उपाय एकच उरला. कर्नलची जवळजवळ सगळी पानं प्रोग्रॅमच्या पेज टेबलमधून काढूनच टाकायची आणि दर सिस्टीम कॉलला टेबल बदलायचं. वेग घटला. एएमडीचे प्रोसेसर या हल्ल्यातून सुटले.

त्याआधी, मार्च २०१५मध्ये, प्रोजेक्ट झीरोच्याच संशोधकांनी मेमरीच्या एका ओळीवर वारंवार वाचन आदळून शेजारच्या ओळीतलं बिट उलटवलं होतं. ते बिट पेज टेबलच्या नोंदीतलं निघालं, तर हल्लेखोर कोणालाही अर्ज न करता नोंदवहीच बदलून बसतो.

आता वारं कुठल्या दिशेने आहे? इंटेलने सर्व्हरच्या प्रोसेसरमध्ये पानांना चार बिटांच्या चाव्या दिल्या. १९६४च्या आयबीएमसारख्याच सोळा. चावी फिरवायला कर्नलकडे जावं लागत नाही, म्हणून ती वेगवान. पण ती फिरवणारी सूचना कोणत्याही प्रोग्रॅमला देता येते, म्हणून हल्लेखोरालाही देता येते. धांदरटपणापासून ती वाचवते, दुष्टाव्यापासून कमी. मद्रास आयआयटीचा शक्ती प्रोसेसर ज्यावर बांधला आहे त्या रिस्क-फाइव्ह आराखड्यात वाचणं, लिहिणं, चालवणं यांना पहिल्यापासून तीन वेगळे बिट आहेत. उशिरा आल्याचा फायदा.

जास्त आशादायक काम परवानगी गोठवण्याचं आहे. ओपनबीएसडीने एप्रिल २०२३च्या ७.३ आवृत्तीत अशी सोय आणली की एकदा बंद केलेल्या पानांचे हक्क पुढे प्रोग्रॅमलाही बदलता येत नाहीत. लिनक्सच्या ६.१० या आवृत्तीत, जुलै २०२४मध्ये, एमसील हा कॉल आला. मेमरीचा पट्टा मोहोरबंद झाला की त्यावरचे एमप्रोटेक्टचे अर्ज थेट फेटाळले जातात. त्याआधी ६.३मध्ये, लिहिता आणि चालवता येणारं पान या प्रोग्रॅमला कधीच देऊ नका, असं कर्नलला सांगून ठेवण्याची तरतूद झाली होती. मार्ग हाच योग्य. प्रोग्रॅम सुरू होताना सगळी लगबग असते, तेव्हा हक्क बदलण्याची मुभा लागते. त्यानंतर बहुतेक प्रोग्रॅमांना ती कधीच लागत नाही, तरी जन्मभर हातात राहते.

लिनक्सच्या साध्या मांडणीत आजही कोणताही प्रोग्रॅम मागेल तर तिन्ही हक्क एकत्र मिळतात; न देणं ही वेगळी मागून घ्यायची सोय आहे. हे उलटं असायला हवं. ज्यांना खरंच गरज आहे त्या ब्राउझरांनी आणि भाषांच्या इंजिनांनी परवानगी नावानिशी मागावी, बाकीच्यांना ती मुळात असू नये. सेवा सांभाळणाऱ्या वाचकांना एवढं आज करता येईल: लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीमध्ये २०१६पासून असलेलं मेमरीडिनायराइटएक्झिक्यूट हे कलम आपल्या सेवांच्या फाइलमध्ये लावून पाहा आणि काय मोडतं ते तपासा. बाकीच्यांनी चालू प्रोग्रॅमांच्या मॅप्स फाइल एकदा नजरेखालून घालाव्यात, आणि आर, डब्ल्यू, एक्स ही तिन्ही अक्षरं एका ओळीत दिसली तर तो प्रोग्रॅम बनवणाऱ्याला त्याचं कारण विचारावं.